टाकीचे घाव: प्रकल्प नोंदी, २०२५

१९ एप्रिल, शनिवार

हद्द ठरली. पुणे, आणि सकाळी निघून रात्री जेवायला घरी परतता येईल एवढा परिसर. विषय काळा दगड. मूर्ती, शिल्पपट, कीर्तिमुखं यातलं काही नाही. ते लोकांनी माझ्याहून चांगलं काढून ठेवलंय. मला हवेत ते दगड घडवताना हत्याराने मागे सोडलेले ओरखडे. जोत्याचा चिरा, पायरीची कड, खांबाचं मागचं अंग. जिथे कुणी हार घालत नाही तिथला दगड.

टाकीच्या घावांची आणि देवपणाची ती म्हण प्रकल्पभर कुणी काढायची नाही, असाही नियम केला. नवऱ्याने तो चहा संपायच्या आत मोडला.

सामान: मिररलेस कॅमेरा, ५० मिमीची लेन्स, ९० मिमीची मॅक्रो, पोलरायझर, टॉर्च, स्टीलची पट्टी. स्टँड घरीच. पुरातत्त्व खात्याच्या जागी हातातल्या कॅमेऱ्याला सहसा कुणी हटकत नाही, स्टँड उघडला की परवानगीचा कागद विचारतात. शिवाय स्टँड लावला की मी बसून राहते आणि नवरा चहाची टपरी शोधायला जातो.

त्याच्याकडे गाडी, टॉर्च आणि पट्टी. भोसरीत टूलरूममध्ये नोकरी संपवलेला माणूस आहे, कुठल्याही पृष्ठभागावर आधी अंगठ्याचं नख फिरवून बघतो. फोटोग्राफीत त्याला काडीचा रस नाही. या कामाला ते बरंच आहे.

२७ एप्रिल, रविवार

पाताळेश्वर, सकाळी सात. जंगली महाराज रस्त्यावरून दोन पायऱ्या आत आलं की गाड्यांचा आवाज एकदम खाली बसतो. गोल नंदीमंडपाशी एक जोडपं आणि त्यांचा फोटोग्राफर लग्नाआधीचं शूटिंग करत होते, म्हणून आम्ही सरळ आत, खांबांच्या मागे.

आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं हे लेणं, आणि ते पुरं झालेलं नाही. मी सुरुवात इथून केली ती त्यासाठीच. पुऱ्या झालेल्या कामात शेवटचा हात आधीचे सगळे हात पुसून टाकतो. अर्धवट कामात कुठे जाड छिन्नीने ढलपे उडवलेत, कुठे बारीक टाकीने सपाटी धरायला घेतली आणि मध्येच सोडून दिली, हे शेजारी शेजारी दिसतं.

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं जग सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं, साधारण १८ टक्के उजेड परतवणारं. बेसाल्ट, म्हणजे हा काळा दगड, त्याहून बराच कमी परतवतो. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो चित्र उजळतो, आणि पाताळेश्वर सिमेंटचं दिसायला लागतं. इंटरनेटवरचे निम्मे फोटो असेच सिमेंटचे आहेत. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड) खाली उतरवल्यावर दगड काळा झाला, पण ओरखडे काही उठेनात.

“पुढून टॉर्च मारून काय दिसणार? उजेड झोपव,” नवरा म्हणाला. टॉर्च घेतला आणि भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला. एवढा वेळ सपाट वाटणारी भिंत एकदम नांगरल्यासारखी झाली. “सरफेस आम्ही असाच बघायचो. खड्डा स्वतः दिसत नाही, त्याची सावली दिसते.”

मग बराच वेळ तो टॉर्च सरकवत राहिला आणि मी काढत राहिले. एका जागी रेघा उजवीकडून डावीकडे उतरतात, आणि साधारण छातीच्या उंचीवर त्यांचा कल बदलतो. खालच्या पट्ट्यात त्या जवळजवळ उभ्या आहेत. नवऱ्याचं म्हणणं, इथपर्यंत माणूस उभ्याने काम करत होता, खाली बसल्यावर मनगट फिरलं. खरं असेल नसेल, पण हे सुचल्यावर ती भिंत मला निराळी दिसायला लागली. त्या पट्ट्याची फ्रेम ठेवली आहे, पट्टीसकट.

११ मे, रविवार

भुलेश्वर. सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत, मग उजवीकडे वळून डोंगरावर. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर. वाटेत अंजीरवाले बसले होते. पुरंदरचं अंजीर म्हणून एक पाटी घेतली. ती परतीपर्यंत टिकली नाही.

देऊळ यादवकाळातलं, भोवती आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने बांधलेल्या दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष. बाहेरून चुन्यातले घुमट आणि मिनारासारखे मनोरे बघून नवा माणूस चकतो. आत शिरलं की काळ्या दगडाचा अंधार. मूळ देवळाच्या बाहेरच्या भिंती आता प्रदक्षिणेच्या बोळात बंदिस्त झाल्यात, त्यामुळे तिथल्या मूर्तींना ऊन लागत नाही. स्त्रीरूपातला गणपती तिथेच आहे, त्याच्यासमोर मोबाइलची रांग होती. बऱ्याच मूर्तींचे हात, चेहरे फोडलेले.

नियमाप्रमाणे मी मूर्तींच्या खालचे थर धरले. इथली टाकी पाताळेश्वरापेक्षा पुष्कळ बारीक. थरांच्या कडा नखाला लागतात इतक्या धारदार, आणि त्याच थराच्या आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या बाजूला मात्र रेघा तशाच सोडलेल्या. कारागीर कुठे थांबायचं ते ओळखून होता. गिऱ्हाईक जिथे बघणार नाही तिथे घासत बसायचं नाही, हा नियम टूलरूमलाही होता म्हणे.

ज्या भिंतींवर पूर्वी कधी ऑइलपेंट फासला होता तिथे माझं काम संपतं. रंगाने टाकी बुजते. आणि तो रंग काढायला वाळूचा मारा केला की टाकीच उडून जाते, उरतो खरबरीत, सगळीकडे सारखा दिसणारा दगड. जिल्ह्यातल्या कितीतरी देवळांना हे दोन्ही सोसावं लागलंय. देवळाला जीर्णोद्धारापासून वाचवायला कुठली समिती असते का?

पिंडीखालच्या पोकळीत पेढे ठेवले की एखादा कमी होऊन परत येतो, अशी इथली आख्यायिका. नवऱ्याने पेढे मोजून दिले होते. परत आल्यावर मोजायच्या आधी एक खाल्ला आणि म्हणाला, कमी झाला.

१४ मे, बुधवार

पाताळेश्वरच्या टॉर्चपासून एक गोष्ट डोक्यात आहे. टॉर्चने हातभर भिंत उजळते. आख्खी भिंत झोपल्या उजेडात बघायची तर तो उजेड सूर्याचाच हवा.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, १८२८ च्या आगीत आतले मजले गेले, तट आणि दरवाजे राहिले. तटाचा खालचा भाग दगडी, वर विटांचं काम. उत्तरेची ही बाजू हिवाळाभर सावलीत असते, कारण सूर्य दक्षिणेकडून जातो. पण पुणे साडेअठरा अंशांवर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. या दिवसांत दुपारी उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडतं, आणि तेही भिंतीला घासून. २१ जूनला सूर्य जास्तीत जास्त उत्तरेला, तरी उभ्या रेषेपासून जेमतेम पाच अंश कललेला. म्हणजे वरून खाली, पाच अंशांनी झोपलेला उजेड. असा टॉर्च धरून कोण उभं राहणार!

आज त्यातला पहिला दिवस. पुण्याचा शून्य सावलीचा दिवस, वेळ साडेबाराच्या आसपास. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर चालतात आणि पुणं चौऱ्याहत्तरच्या थोडं अलीकडे आहे, म्हणून इथली खरी दुपार पस्तीसेक मिनिटं उशिरा होते. नवऱ्याने हे वहीत मांडून दाखवलं, आणि पुढच्या प्रत्येक पंधरवड्याचं कोष्टकही करून दिलं.

साडेबाराला शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उभे होतो. सावली नव्हती. ढग होते, त्यामुळे कुणाचीच नव्हती.

२६ मे, सोमवार

मान्सून पुण्यात आला. मे महिन्यात! कोष्टक फ्रिजवर लावलंय, त्याला चुंबकासारखा नवरा चिकटलाय.

ओला दगड फोटोत भारी दिसतो असं सगळे म्हणतात. दिसतो, पण माझ्या कामाचा नाही. पाण्याचा पातळ थर बारीक खाचा भरून काढतो आणि वर चकाकी येते. पोलरायझर फिरवून चकाकी मारली की दगड गर्द काळा होतो, आणि रेघा गेलेल्या त्या गेलेल्याच. मंडई, तुळशीबागेचा मागचा बोळ, घाटाच्या पायऱ्या, सगळीकडे हेच.

८ जून, रविवार

पाऊस थांबलाय म्हणून सासवड. दिवे घाटाच्या अलीकडे रस्त्याकडेला पाटे-वरवंटे, खलबत्ते, जाती मांडून एक पाथरवट कुटुंब बसलेलं. गाडी थांबवली. आजचा दिवस इथेच गेला म्हटलं तरी चालेल.

मावशी जात्याच्या तळीला टाकी देत होत्या. डाव्या हातात टाकी, उजव्या हातात हातोडी, टाकी किंचित कललेली. एक ठोका, टाकी कणभर पुढे, दुसरा ठोका. नजर ठोक्यावर नाही, टोकाच्या पुढच्या बोटभर दगडावर. दर पाच-सहा ठोक्यांनी फुंकर. बारीक पांढरी भुकटी उडते आणि खाली एक रेघ उरते, दाण्यादाण्यांची. पाताळेश्वरच्या भिंतीवर होती तीच, फक्त ताजी, पांढरी. ताज्या घावाचा रंग काळा नसतो हे मी पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितलं. मावशी म्हणाल्या, “तेल-पाणी लागलं की होतो काळा. चार पावसाळे जाऊ द्या.”

नवरा उकिडवा बसून प्रश्नावर प्रश्न. टाकी कुठल्या पोलादाची? किती दिवस टिकते? “दिवस कुठले, दादा. रोज शेवटायची.” मागे छोटा भाता होता. शेवटणं म्हणजे टोक तापवून, ठोकून, मग पाणी द्यायचं. पाणी जास्त झालं तर टोक मोडतं, कमी झालं तर वाकतं. रंग बघून कळतं. नवऱ्याने मान डोलावली. हेच त्याने आयुष्यभर तापमापक लावून केलं होतं.

आमच्या लहानपणी ‘पाट्याला टाकी’ अशी आरोळी देत बायका पेठांतून फिरायच्या. आईच्या पाट्यावर त्या टाकीत दरवेळी एक छोटा मासा काढून जायच्या. मिक्सर आला आणि तो पाटा गच्चीत कुंडीखाली गेला. मावशींना विचारलं, आता पाट्याला टाकी लावायला कुणी बोलावतं का. नाही म्हणाल्या. खलबत्ते जातात, हॉटेलवाले चटणी त्यातून वाढतात. त्यांचा मुलगा ग्राइंडरने कापतो. त्याच्या पाट्यावर गोल चकतीच्या खुणा असतात, त्याही मी काढल्या. वीस वर्षांनी कुणीतरी त्या शोधत येईल.

फोटो काढायला ना नव्हती, चेहरा नको म्हणाल्या. हातांचे काढले. एक खलबत्ता घेतला. भाव नवऱ्याने केला नाही, हे नोंद करण्यासारखं आहे.

संगमेश्वराला पोचेपर्यंत चार वाजले. कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावरचं देऊळ. नदीकडच्या पायऱ्यांवर उतरतं ऊन मिळालं आणि पायऱ्यांच्या उभ्या अंगावर टाकी स्पष्ट उठली. शंभरदा धुतल्या गेलेल्या आडव्या अंगावर मात्र काही नाही, पावलांनी गुळगुळीत. दगडात पांढरे ठिपके आहेत. लाव्हारस थिजताना अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे, नंतर झिओलाइटसारख्या खनिजांनी भरलेले. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. टाकी ठिपक्यावर आली की रेघ तुटते आणि पलीकडे परत सुरू होते. मॅक्रोने दोन फ्रेम.

परतताना पिठलं-भाकरी.

२१ जून, शनिवार

कोष्टकातला मुख्य दिवस. आणि दोन्ही पालख्या काल संध्याकाळी पुण्यात आलेल्या, आज मुक्काम. माउलींचा भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. पेठांतले रस्ते बंद. गाडी घरी ठेवून मेट्रोने शनिवारवाड्यावर आलो.

ढग. मध्येच फटीतून उजेड येई आणि कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत जाई. भिंतीच्या कडेला वारकरी पथाऱ्या टाकून बसलेले. एका आजोबांनी पाठ टेकवली होती ती नेमकी मला हव्या असलेल्या चिऱ्याला. त्यांना काय उठवणार! पंढरपूरपर्यंत चालायचंय त्यांना. त्यांनीच विचारलं, भिंतीचं काय काढताय? सांगितलं. त्यांनी मागे वळून चिऱ्यावर तळवा फिरवला आणि म्हणाले, “हाताला लागतंय की. फोटो कशाला?”

नवरा दिवसभर हे वाक्य घोळवत होता.

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

त्रिशुंड गणपती, सोमवार पेठ. नागझरीच्या काठचं हे देऊळ भीमगीर गोसाव्यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतलं, १७७० मध्ये पुरं झालं. गणपतीला तीन सोंडा, तो मोरावर बसलेला. तळघरात समाधी आहे. एरवी तिथे पाणी असतं, गुरुपौर्णिमेला ते दर्शनाला उघडतात. त्यामुळे आज गर्दी. पुणेकर या दिवशी इथे रांग लावतात आणि एरवी वर्षभर पत्ता विचारतात.

दर्शनी भिंतीवरचा तो प्रसिद्ध पट: साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि गोरे शिपाई. मूर्ती काढायची नाही हा नियम आहे, पण गेंडा काही मूर्ती नव्हे असा निकाल नवऱ्याने दिला. त्या गेंड्याच्या कातडीचे पट्टे कोरताना कारागिराने पृष्ठभाग मुद्दाम घासला नाही. टाकीचे दाणे तसेच ठेवलेत, आणि तेच गेंड्याचं चामडं झालंय. शिपायांचे कपडे मात्र नीट घासलेले. एवढे दिवस मी टाकीला कामातलं राहून गेलेलं अंग समजत होते, इथे ती कामालाच लावलीय. ढगाळ उजेडात हे कळलं नसतं. नवऱ्याने मोबाइलचा दिवा आडवा धरला, मागून एक काकू म्हणाल्या, “दर्शन झालं असेल तर सरका.” सरकलो.

तळघरात कॅमेरा काढला नाही. रांगेत कोपर हलवायला जागा नव्हती, आणि समाधीपाशी फोटो काढणं मला प्रशस्त वाटलं नाही.

२० जुलै, रविवार

उघडीप.

सकाळी दहापासून आकाश निळं. अकराला नवरा बूट घालून दारात. रविवार म्हणून शनिवारवाड्यावर सहली, पोरं, फुगेवाले. कोष्टकाप्रमाणे आजची दुपार १२:४१, ऊन भिंतीपासून फक्त दोन अंश. वरच्या भागातले पाण्याचे ओघळसुद्धा उठून दिसायला लागले.

आणि खालचे चिरे सावलीत! दोन अंश म्हणजे इतका निसटता उजेड, की वर वीतभर पुढे आलेली कोणतीही कड खाली कितीतरी फुटांपर्यंत सावली टाकते. नवरा पट्टी घेऊन खुश, कडेचा अंदाज, सावलीची लांबी, सगळं वहीत. मी अस्वस्थ, कारण पश्चिमेकडून ढग सरकत होते. थांबायचं ठरवलं. जसजसा सूर्य कलला तसतशी सावली चिऱ्याचिऱ्याने वर सरकायला लागली, आणि सव्वा-दीडनंतर तटाच्या पायथ्याला ऊन टेकलं.

तेव्हा जे दिसलं ते असं. प्रत्येक चिऱ्याच्या चारही कडांना बोटभर रुंदीची पट्टी बारीक टाकीने साधलेली, सांधे नीट बसावेत म्हणून. मधला भाग जाड टाकीचा, फुगीर. आणि या मधल्या भागातल्या रेघा चिऱ्यागणिक वेगळ्या. एक चिरा उजवा कललेला, त्याच्या शेजारचा डावा, तिसऱ्यात आडव्या रांगा अगदी आखल्यासारख्या, चौथ्यात कुणीतरी कंटाळून केल्यासारखं. दिवसाउजेडी रोज हजारो माणसं या भिंतीसमोरून जातात, मीही गेलेय, आणि ती एकसारखी काळी भिंत वाटत आली. ती अनेक हातांची आहे. डाव्या कलाचा चिरा नवऱ्याने लगेच डावखुऱ्या पाथरवटाच्या नावावर केला. मी म्हटलं, दगड आडवा ठेवून घडवला असेल. यावर पटांगणातच वाद झाला, फुगेवाला ऐकत होता.

एक्स्पोजर उणे एक पूर्णांक दोन तृतीयांश स्टॉप, लेन्सचं छिद्र एफ ८. तुकड्यातुकड्यांनी भिंत डावीकडून उजवीकडे काढत गेले, एकमेकांवर थोडे चढणारे फोटो, म्हणजे घरी जोडता येतील. नवरा पुढे जाऊन लोकांना विनंती करत होता, “दोन मिनिटं, ताई, भिंत काढतायत.” लोक भिंतीकडे बघत, मग आमच्याकडे बघत. अडीचला ढग आले.

३ ऑगस्ट, रविवार

सूर्य डोक्यावरून दक्षिणेला गेला, उत्तरेच्या भिंतीचा दुपारचा हंगाम संपला. जोडलेली भिंत छापून आणली. चार फूट लांब, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर काळा रंग जास्त खोल येतो, पण दिव्याखाली त्यात आपलंच तोंड दिसतं. पहिल्या प्रिंटमध्ये छपाईवाल्याने सावल्या आपणहून उजळून दिल्या होत्या, परत सिमेंट. दुसऱ्यांदा शेजारी उभं राहून करून घेतलं.

क्रम: पाताळेश्वरचा कल बदलणारा पट्टा, मावशींचे हात, संगमेश्वराची पायरी, गेंडा, मग भिंत. ग्राइंडरची चकती कुठे घालायची यावर एकमत नाही. मी म्हणते हातांच्या शेजारी. नवरा म्हणतो भिंतीनंतर, सगळ्यात शेवटी, कारण कालक्रमाने ती शेवटचीच आहे. त्याचं पटतंय, पण लगेच हो म्हणणार नाही.

पुढचं: भाजे. लेणं पश्चिमाभिमुख आहे, दुपारनंतर चैत्यात ऊन शिरतं. पाऊस संपून दगड वाळायला दिवाळी उजाडेल. कोष्टक नवरा करतोय.